बाळाचं चपटं डोकं: हेल्मेट की पालथं खेळवणं?

फोंड्याची वहिनी विचारते, पाच महिन्यांच्या बाळाचं डोकं मागून एका बाजूला चपटं झालंय, डोक्याला आकार देणारं हेल्मेट घालू का? आधी डॉक्टरांकडून कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले नाहीत ना, ते बघून घे. तसं असेल तर ही तुलनाच गैरलागू.

खर्चाचं उघड आहे: हेल्मेट मापानं बनतं, महाग पडतं, पालथं खेळवणं फुकट.

कष्टांचं मात्र बोलू. हेल्मेट दिवसाला सुमारे 23 तास, तेही काही महिने. गोव्याच्या मे महिन्यात! घाम, पुरळ, वास, रोजची पुसापुशी. जागेपणी पालथं घालणं, पाळण्यात डोक्याची दिशा बदलणं, यालाही चिकाटी लागतेच. आजी ‘रडतंय, उचल गो’ म्हणणारच. झोपवायचं उताणंच, आणि राईची उशी नको.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या चाचणीत 84 बाळं होती. दोन वर्षांची झाल्यावर डोकं पूर्ण सुधारलेली हेल्मेटवाली 26 टक्के, बिनहेल्मेटची 23. डोकं फारच वाकडं असलेली बाळं त्यात नव्हती.

म्हणून सौम्य-मध्यम चपटेपणाला पालथं खेळवणंच. मान एकीकडेच वळत असेल तर जोडीला फिजिओथेरपी. डोकं फारच वाकडं असेल, तरच डॉक्टरांशी बोलून हेल्मेट, आणि तेही सहाव्या महिन्याच्या आसपास. वर्षानंतर त्याचा फारसा उपयोग नाही.