फ्लाय रॉड, सहा नंबर: चुलबंदच्या पाण्यात साडेचार महिने

ऑक्टोबरअखेर हा संच घेतला. नऊ फुटांचा, चार तुकड्यांचा, सहा नंबरचा फ्लाय रॉड, म्हणजे मासे धरायची काठी, सोबत रीळ आणि तरंगणारी लाइन, म्हणजे दोरी, सगळं मिळून 11,500 रुपये. मी लाखांदूर तालुक्यात शाळेवर आहे. शनिवारची दुपार आणि रविवार चुलबंद नदीवर जातो, कधी खाली वैनगंगेच्या वाळूवर. आता मार्च अर्धा सरला, तेव्हा खात्रीनं लिहितो.

घेण्याचं कारण एकच होतं. दिवाळीनंतर पाणी उतरतं आणि माघात तर इतकं निवळतं की डोहाच्या तळातला शिंपला दिसतो. अशा पाण्यात शिशाचं वजन लावलेला गळ टपकन पडला की संपलं, अर्धा तास तिथं काही हलत नाही. काठावर जाळं सुकवणारे एक ढिवर काका मला पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "गुरुजी, पानी निवरला का मासा सावलीले भेते." आवाज न करता पडेल असं काहीतरी मला हवं होतं, आणि हा रॉड ते काम करतो. फ्लाय म्हणजे केस-पिसं बांधलेला गळ, त्याला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं जाड लाइनीला. सहा नंबर म्हणजे लाइनीचे पहिले तीस फूट 160 ग्रेन, साधारण दहा ग्रॅम. फेकायची ती लाइन. फ्लाय तिच्यामागे जाते आणि शेवटच्या बारीक तंगूसमुळे पाण्यावर कापसासारखी उतरते. काकांनी माझी एक फ्लाय त्यांच्या बांबूच्या काठीला बांधून पाहिली, ती त्यांच्या पायापाशीच पडली. मग त्यांनी माझी लाइन चिमटीत धरून बराच वेळ पाहिली.

फेकायला शिकायला पंधरा दिवस लागले. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून खळ्यावर सराव केला. धानाच्या बांधीत करू नका, धसकटांनी लाइन खरवडते. मनगट ढिलं सोडलं की लाइन मागे जमिनीला लागते. कोपर अंगाजवळ ठेवून मागं नीट थांबलं की आपोआप उलगडते. बाभळी असलेल्या काठावर मागं जागाच नसते. तिथं लाइन पाण्यावरूनच गोल फिरवून पुढं टाकायला शिकलो, आणि त्या कामात हा रॉड खूप सरळ वागतो. मधला भाग छान वाकतो.

वेळेबद्दल सांगतो, कारण यात रॉडला उगाच दोष दिला जातो. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. जानेवारीअखेर माझ्या थर्मामीटरवर सकाळी सातला डोहात 18 अंश होते, तर दुपारी तीनला वाळूवरच्या गुडघाभर पाण्यात 23. म्हणजे पहाटे कुडकुडत जाण्यात अर्थ नाही. मी अकराला निघतो. बारापर्यंत डोहाच्या उतारावर फ्लाय बुडू द्यायची आणि अगदी सावकाश ओढायची, दोन ओढींमध्ये दहापर्यंत मोजायचं. दोननंतर मासे उथळाकडे सरकतात, तेव्हा ओढ थोडी वाढवायची. चिलापी अशीच मिळाली, बरीच. मरळ तीनच, तिन्ही फेब्रुवारीच्या शेवटी, गवताच्या कडेला. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं. बुडबुडा दिसला की हातभर पुढं फ्लाय टाकायची, डोक्यावर नाही.

आता खरी तक्रार, लाइनीची. संचातली लाइन थंड पाण्यातल्या ट्राउट माशांसाठी बनवलेली आहे. डिसेंबरात लोण्यासारखी चालली. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून, दुपारी ऊन 34 अंशांवर गेलं की तीच मऊ पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि जिथं पन्नास फूट जायची तिथं पस्तीसवर दम टाकते. दोन आठवडे मी हातालाच दोष देत होतो. उष्ण प्रदेशासाठी वेगळ्या लाइनी मिळतात, त्यांचा गाभा आणि वरचा थर कडक असतो. त्यांचीही एक अडचण आहे, गारठ्यात त्या स्प्रिंगसारख्या वळ्या धरतात, हातानं ताणून सरळ कराव्या लागतात. आपल्याकडे मासा दुपारीच लागतो, म्हणून मी तरी कडक लाइनच घेईन. विक्रेत्यानं हे विकताना सांगायला हवं होतं. टोकाच्या कड्यातली चिनी मातीची रिंगही जानेवारीत निखळली, ती बदलून यायला पाच आठवडे गेले. ऐन हंगामातले पाच आठवडे!

वाळूचं एक लक्षात ठेवा. तुकडे जोडताना सांध्यात चार कण राहिले तरी रॉड अडकतो. पुसून मेणबत्तीचं मेण हलकं चोळलं की प्रश्न मिटतो. रीळ दर आठवड्याला गोड्या पाण्यात धुतो. बुचाची मूठ काळी पडली आहे, पण पकड तशीच.

फ्लाय घरीच बांधतो. सगळ्यात जास्त चालली ती क्लाउझर मिनो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी 1987 मध्ये सस्क्वेहाना नदीतल्या बास माशांसाठी ती तयार केली, म्हणजे तीही कोमट पाण्याच्या नदीचीच. डोळ्यांच्या जागी वजन असल्यानं गळ उलटा चालतो आणि तळातल्या काटक्यांत अडकत नाही. तिकडे हरणाच्या शेपटीचे केस लावतात, मी बोकडाच्या शेपटीचे लावतो. डोळ्यांना पितळी मणी. काळ्या कोंबड्याच्या पिसांची वूली बगर ही दुसरी फ्लाय ढगाळ दिवशी बरी.

गळाचा काटा पक्कडीनं दाबून टाकतो, लहान मासा ओल्या हातानं लगेच सोडतो. आणि तलावावर जाण्याआधी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेला विचारतो. मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासेमारी बहुधा त्यांच्याकडे ठेक्यानं असते, मासोळीचं बी त्यांनीच टाकलेलं असतं.

रॉड ठेवणार आहे. नवीन घेणाऱ्यानं लाइन वगळून नुसता रॉड आणि रीळ मिळतं का ते आधी विचारावं, आणि वाचलेल्या पैशांत कडक लाइन घ्यावी. पळस फुलला आहे, डोहांत अजून दोन-तीन आठवड्यांचं पाणी आहे. माझी लाइन पुढच्या शनिवारी येतेय.