मेडिगॅप प्लॅन जी, न्यू जर्सी: अंडररायटिंगमधून घेतलेल्या पॉलिसीचा दहा महिन्यांचा अनुभव

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आणि तो देत नाही तो वाटा भरणारा खाजगी कंपनीचा पूरक विमा म्हणजे मेडिगॅप. जानेवारी २०२५ पासून माझ्याकडे मेडिगॅपचा प्लॅन जी आहे. त्याआधी मी अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनवर होते, म्हणजे मूळ मेडिकेअरच्या जागी खाजगी कंपनीमार्फत मिळणाऱ्या प्लॅनवर. पॉलिसीबद्दल लिहीनच, पण प्लॅन जी कुठल्याही कंपनीचा घेतला तरी आतले मूळ फायदे ठरलेले आणि सारखेच असतात. फरक पडतो तो हप्त्यात आणि प्रकृती तपासून (यालाच अंडररायटिंग म्हणतात) कंपनी तुम्हाला घेते की नाही यात. म्हणून हा अनुभव जास्त करून एजंटबद्दल आहे. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, आणि इथल्या आपल्या लोकांकडून मला सारखे याचबद्दल फोन येतात.

आमच्याच घरात दोन टोकं आहेत. ह्यांनी सत्तरीपर्यंत नोकरी केली. विमा ऑफिसचा होता, त्यामुळे पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर-तपासण्यांचा भाग) घेतलाच नव्हता. २०२४ मध्ये निवृत्त झाल्यावर पार्ट बी सुरू झाला आणि त्या महिन्यापासून मेडिगॅप घ्यायची सहा महिन्यांची मुदत लागू झाली. त्या मुदतीत कुठलीही कंपनी प्रकृतीचं कारण सांगून नकार देऊ शकत नाही किंवा हप्ता वाढवून लावू शकत नाही. ह्यांना स्टेंट आहे, रोज इन्सुलिन आहे. तरी आरोग्याच्या प्रश्नांचं पान भरावंच लागलं नाही. मी मात्र पासष्टीलाच मेडिकेअर घेतलं आणि पार्ट बीच्या वर वेगळा हप्ता नाही म्हणून अ‍ॅडव्हान्टेज निवडला. माझी सहा महिन्यांची मुदत केव्हाच संपली होती. अ‍ॅडव्हान्टेज पहिल्यांदा घेतल्यावर वर्षभरात परत फिरायची सवलत असते, तीही गेली होती. म्हणजे ह्यांच्यापेक्षा कितीतरी धडधाकट असूनही परीक्षा माझीच. हडसनपलीकडे न्यूयॉर्कमध्ये ही अट नाही, तिथे कधीही अर्ज करा, प्रकृती विचारत नाहीत. कनेक्टिकटमध्येही तसंच आहे. न्यू जर्सीत मात्र मुदतीनंतर सहसा अंडररायटिंग चुकत नाही.

मग अ‍ॅडव्हान्टेज सोडायचाच का? माझ्या थायरॉईडच्या डॉक्टरीणबाई प्लॅनच्या नेटवर्कमधून (ठरलेल्या डॉक्टरांच्या यादीतून) बाहेर पडल्या, आणि गुडघ्याच्या एमआरआयला आधी मंजुरी, मग पुन्हा कागद, असं होऊ लागलं. मेडिगॅपला नेटवर्क नसतं. मेडिकेअर घेणारा डॉक्टर असला की झालं.

पहिला एजंट ओळखीतून आला होता. त्याने प्रश्न वाचले ते एका दमात, आणि प्रत्येकापुढे स्वतःच ‘नाही’ वर खूण करत गेला. रक्तदाबाच्या गोळ्या मी सांगलीहून आणते. इथल्या कुठल्याही फार्मसीत त्यांची नोंद नाही. हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग लिहूच नका, कोणाला कळणार आहे?” मी सही केली नाही. अर्जावर ‘घेत असलेली सर्व औषधं’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं, फार्मसीत सापडणारी औषधं असं नव्हे. खोटी माहिती निघाली तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. तोवर तुम्ही अ‍ॅडव्हान्टेज सोडलेला असतो आणि नेमकं दुखणं अंगावर आलेलं असतं. कमिशन मात्र त्याच्या खिशात पडलेलं असतं. असा सल्ला वयस्कर माणसाला देणं मला अक्षम्य वाटतं, आणि तो आपल्यातलाच होता याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या बाई स्वतंत्र एजंट, पुष्कळ कंपन्यांचं काम करतात. पहिल्या भेटीत त्यांनी कंपनीचं नावही काढलं नाही. सगळ्या बाटल्या आणि स्ट्रिप्स टेबलावर मांडायला सांगितल्या आणि एकेक उचलून तीनच प्रश्न विचारले: कशासाठी, कधीपासून, कोणी दिली. लेव्होथायरॉक्सिनपाशी त्या थांबल्याही नाहीत. सांगलीच्या स्ट्रिपवरचं टेल्मिसार्टन नीट लिहून घेतलं. मग माझ्या जुन्या औषधांच्या यादीत गॅबापेन्टिन दिसलं आणि तिथे त्यांनी पेन खाली ठेवलं.

हे गॅबापेन्टिन मला नागीण झाली तेव्हा, नंतरच्या ठणक्यासाठी दिलं होतं. काही महिन्यांत बंदही झालं. पण कंपनी अर्ज आला की फार्मसीच्या नोंदी मागवते, आणि तिथे फक्त औषधाचं नाव, ताकद, तारीख आणि डॉक्टर दिसतो. दुखणं दिसत नाही. हेच औषध मधुमेहाने नसांना इजा झाली की देतात, आणि तसं असेल तर बऱ्याच कंपन्या सरळ नकार देतात. म्हणजे मधुमेह नसलेल्या माझ्यावर मधुमेहाच्या गुंतागुंतीचा संशय. बाईंनी डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी आणायला लावली: नागिणीनंतरच्या वेदनेसाठी दिलं, अमुक महिन्यात बंद केलं. ती अर्जासोबतच गेली.

दुसरी अडचण मोतीबिंदूची. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं, मी टाळत होते. अर्जात हमखास प्रश्न असतो: सुचवलेली पण अजून न केलेली शस्त्रक्रिया किंवा तपासणी आहे का? काही कंपन्या त्यात मोतीबिंदूचं नाव घेऊनच विचारतात. तिथे ‘हो’ म्हटलं की अर्ज तिथेच संपला. बाई म्हणाल्या, “काकू, आधी डोळा करून घ्या, आत्ताच्याच प्लॅनवर. शेवटची तपासणी होऊन डॉक्टरांनी मोकळं केलं की मला फोन करा.” त्यांचं कमिशन चार महिने पुढे गेलं, पण अर्ज त्या दिवशी भरला नाही. माझा विश्वास बसला तो तिथे. गुडघ्याच्या बाबतीतही त्यांनी मला ऑर्थोपेडिककडे जाऊन स्पष्ट विचारायला लावलं, की बदलायचा सल्ला आहे की नुसती चर्चा. सल्ला नव्हता, व्यायामच सांगितला होता, आणि भेटीच्या नोंदीतही तसंच आहे हे मी बघून घेतलं.

अर्ज ऑक्टोबरात गेला. मग कंपनीतून फोनवर मुलाखत झाली: उंची, वजन, तंबाखू, दोन वर्षांतलं हॉस्पिटल, औषधं. बाईंनी पढवलं काही नाही. बाटल्या समोर ठेवा, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा, विचारलेल्याचंच उत्तर द्या, एवढंच सांगितलं. गॅबापेन्टिनचा प्रश्न आलाच. चिठ्ठी त्यांच्यासमोर होती, दोन मिनिटांत विषय संपला.

यातला क्रम फार महत्त्वाचा आहे. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत बाईंनी मला अ‍ॅडव्हान्टेजला हात लावू दिला नाही. मंजुरी आल्यावर, ७ डिसेंबर या प्लॅन बदलायच्या शेवटच्या तारखेच्या आत, औषधांसाठी वेगळा पार्ट डी घेतला. तो घेतला की जुना अ‍ॅडव्हान्टेज १ जानेवारीपासून आपोआप सुटतो. हे उलटं केलं असतं आणि नकार आला असता, तर पार्ट बी देत नाही ते २० टक्के कुठल्याही मर्यादेशिवाय माझ्यावर आले असते.

आता वापराचं. २०२५ च्या सुरुवातीला पार्ट बीचं तेव्हाचं २५७ डॉलरचं डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम) मी भरलं, ते प्लॅन जीमध्ये येत नाही. त्यानंतर डॉक्टर, एमआरआय, फिजिओथेरपी, कशाचंही बिल घरी आलं नाही. मेडिकेअर आपला वाटा देऊन दावा परस्पर मेडिगॅपकडे पाठवतं. थायरॉईडच्या बाई परत मिळाल्या. एमआरआयसाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहिली नाही. हप्ता मात्र दर महिन्याला जाणवतो, पार्ट बीचे (२०२५ मध्ये १८५ डॉलर) आणि पार्ट डीचे त्याच्या वर. दात, चष्मा, ऐकण्याचं यंत्र यांतलं काही नाही. अ‍ॅडव्हान्टेजमध्ये थोडंफार होतं, ते गेलं.

दर हिवाळ्यात सांगलीला जाणाऱ्यांसाठी: प्लॅन जीमध्ये परदेशातला तातडीचा उपचार आहे, पण तो प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेला हवा. २५० डॉलर आपले, त्यापुढच्या खर्चाचे ८० टक्के कंपनीचे, आणि तेही आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. आम्ही तीन-साडेतीन महिने राहतो, त्यामुळे उरलेल्या दिवसांसाठी वेगळा प्रवास विमा घ्यावा लागतो. हेही बाईंनी विकण्याआधी सांगितलं होतं.

तक्रार एकच. ऑक्टोबर ते डिसेंबर त्या फोन उचलत नाहीत, निरोप ठेवला तर उत्तराला तीन-चार दिवस लागतात. मंजुरीची वाट पाहताना ते जिवावर येतं. त्या काळात राज्याच्या शिप या मोफत सल्ला सेवेला फोन केला, तिथल्या स्वयंसेवक बाईंनी तारखांची खात्री करून दिली. एजंटला आपण काही देत नाही, कमिशन कंपनी देते, आणि थेट कंपनीकडे गेलं तरी हप्ता तोच. त्यामुळे एजंट घेऊन तोटा नाही, फक्त तो प्रश्न कसे विचारतो ते पहिल्या भेटीत बघा.

ह्यांच्या पॉलिसीच्या वेळी बाईंनी सर्वात स्वस्त कंपनी बाजूला ठेवली होती. स्टेंट आणि इन्सुलिनवर ह्यांना पुढे बहुतेक कुठली कंपनी अंडररायटिंगमधून घेणार नाही, म्हणजे हप्ता कितीही वाढला तरी तिथेच राहायचं. म्हणून त्यांनी गेल्या काही वर्षांतली वाढ बघून थोडी महाग पण जुनी कंपनी निवडली. माझ्या बाबतीत पुढे मेडिगॅपच्याच प्लॅन एनवर जायचा रस्ता त्यांनी मोकळा ठेवलाय. तिथे हप्ता कमी, पण डॉक्टरकडे गेलं की २० डॉलरपर्यंत भरायचे. ते केलं तर पुन्हा याच सगळ्यातून जावं लागेल, म्हणून डॉक्टरांची ती चिठ्ठी मी फाईलमध्ये लावून ठेवली आहे.