ओबीएस स्टुडिओ: जुन्या लॅपटॉपवर सप्त्याचं लाईव्ह

5 पैकी 4 स्टार. एक का कापला ते पुढं येईलच.

आमचं गाव अंबाजोगाईकडं, दरसाल सप्ता असतोय अन पुण्याला कामाला गेलेली मंडळी म्हणतेत कीर्तन लाईव्ह दाखव. लॅपटॉप आठ वर्षं जुना, 4 कोरचा, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. ओबीएस (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर लाईव्ह सोडायचं सॉफ्टवेअर) फुकट हाय म्हणून टाकलं, अन एकानं सांगितलं होतं एक्स264 चा (प्रोसेसरवर व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरचा) प्रीसेट, म्हंजी तयार सेटिंग, 'मीडियम' ठेव, क्लिअर दिसतंय, ते डोळे झाकून ठेवलं. पहिल्या रात्री महाराज निरूपण करायले तवर सगळं ठीक, पण टाळकऱ्यांनी पावल्या धरल्या, मृदंग चढला की चित्र जागीच अडकायलं, टाळ हवेत तसेच अन आवाज चाललाय पुढं. काकाचा पुण्याहून फोन, "आरं महाराज गोठले का काय?"

मी नेटलाच शिव्या घातल्या, रिचार्ज वाढवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ओबीएसमधली स्टॅट्सची, म्हंजी आकड्यांची, खिडकी सापडली. त्यात एन्कोडिंगमुळं (व्हिडिओ दाबताना) सुटलेल्या फ्रेम, म्हंजी व्हिडिओतली एकेक चित्रं, वेगळ्या अन नेटवर्कमुळं पडलेल्या वेगळ्या दाखवतेत. माझ्या नेटवर्कच्या रकान्यात जवळपास शून्य, अन एन्कोडिंगचा आकडा पावल्यांच्या तालावर पळायलेला! म्हंजी माणसं हलली की प्रोसेसरला प्रत्येक फ्रेममधी काय कुठं सरकलं ते शोधावं लागतंय, अन मीडियमवर तो शोध लै खोल चालतो, बिचाऱ्याला जमंना.

मग आउटपुट 1080 वरून 720 केलं, पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, प्रीसेट परत व्हेरीफास्ट, जो मुळात डीफॉल्टच होता, मीच नको तिथं बोट घातलं होतं. सेकंदाला 30 फ्रेम, की-फ्रेम (म्हंजी पूर्ण चित्र) दर 2 सेकंदाला. अल्ट्राफास्ट पण बघितलं, प्रोसेसर एकदम निवांत, पण त्यात डीब्लॉकिंग (चौकोनांच्या कडा मऊ करणं) बंद असतंय, कॅबॅक (डेटा जास्त घट्ट दाबायची पद्धत) पण बंद, मग त्याच बिटरेटमधी (सेकंदाला जाणाऱ्या तेवढ्याच डेटात) फेट्याचे चौकोन चौकोन दिसायले. नको. इंटेलचं क्विक सिंक (चिपमधलाच वेगळा व्हिडिओ एन्कोडर) बी लावून पाहिलं, लोड गेला पण माझ्या जुन्या चिपवर चेहरे धुरकट, सोडून दिलं.

बिटरेट 2500 केबीपीएस, म्हंजी अडीच एमबीपीएस, ठेवला कारण हॉटस्पॉटचा अपलोड 4 एमबीपीएस दावतो अन मंडप भरला, सगळ्यांचे मोबाईल चालू झाले की 3 वर येतो.

स्टार कापला तो यासाठी की ही स्टॅट्सची खिडकी मेन्यूत दडवलीय, पहिल्या दिवशीच समोर दिसली असती तर रिचार्जचे पैसे वाचले असते. अन एक, लाईव्ह चालू असताना एन्कोडरचं सेटिंग बदलता येत नाही, थांबवूनच बदलावं लागतंय, म्हणून आदल्या दिवशी चार पोरं नाचवून टेस्ट घ्या, बसलेल्या माणसावर टेस्ट घेऊन काई कळत नाही.

काल्याच्या दिवशी एकदम गुळगुळीत चाललं. फक्त मधीच लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला अन स्वतःच हळू झाला, लगेच फ्रेम सुटायल्या. पुढच्या साली चार्जर थेट मंडपाच्या जनरेटरवर.