अरेंजर कीबोर्डचा पियानो: सेटिंग बदलायची, लॅपटॉप जोडायचा की दुसरं वाद्य घ्यायचं?

स्ट्रिंग्ज छान, बासरी बरी, पण पियानो लावला की पत्र्याचा डबा वाजतोय असं वाटतं. अरेंजर, म्हणजे आपण सूर धरले की ताल आणि साथ स्वतःच वाजवणारा कीबोर्ड, वाजवणाऱ्या बहुतेकांची ही तक्रार असते. इलाज तीन आहेत. कुठला निवडायचा ते तो पियानो कोण आणि कुठे ऐकणार यावर ठरवा, बजेटचा विचार त्यानंतर.

कार्यक्रमात वाजवत असाल तर एक पैसाही खर्च करायच्या आधी केबल बघा. घरी हेडफोनवर भरदार वाटणारा पियानो हॉलमध्ये पोकळ होतो, त्याला बहुधा मोनो (डावी-उजवी बाजू एकत्र करणारी) लाइन जबाबदार असते. कीबोर्डमधले पियानोचे सॅम्पल (खऱ्या पियानोचे रेकॉर्ड केलेले सूर) स्टिरिओ असतात; एकच सूर दोन माइकपर्यंत किंचित मागेपुढे पोहोचलेला असतो. साउंडवाला एकच लाइन मागतो, आपण कीबोर्डच्या ‘एल’मध्ये (डाव्या बाजूच्या आउटपुटमध्ये) जॅक खुपसतो, आतमध्ये दोन्ही बाजू एकत्र होतात आणि काही कंपनं एकमेकांना खाऊन टाकतात. मिक्सरवर दोन चॅनेल मागून घ्या. मिळत नसतील तर ‘आर’मध्ये (उजव्या आउटपुटमध्ये) नुसती मोकळी पिन घालून ठेवा, म्हणजे बऱ्याच कीबोर्डवर ‘एल’मधून फक्त डावी बाजू जाते. पियानो लगेच अंगात येतो.

मग टच, म्हणजे बोटाच्या दाबाला आवाज किती प्रतिसाद देतो ते. अरेंजरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या हलक्या असतात, त्यामुळे सहज वाजवतानाही जोराचे, चरचरीत सॅम्पल लागतात. यामाहावर टच ‘हार्ड’ करून बघा: त्याच दाबाला सूर मऊ येतो आणि जोर राखून ठेवता येतो. कंपनीने भरभरून दिलेला हॉल रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा) निम्म्यावर आणा. बँडबरोबर वाजवताना खालचे सूर थोडे कापा, तिथे बेस गिटार आहेच.

पॉलिफनीकडे, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती सूर वाजू शकतात त्याकडे, सहसा कुणी बघत नाही. यामाहाच्या पीएसआर-ई३७३ मध्ये ती 48 आहे, ई४७३ मध्ये 64, एसएक्स७०० मध्ये 128. स्टाइल (कीबोर्डची तयार साथ) चालू, पियानोवर स्ट्रिंग्जचा थर आणि वर पेडल दाबून धरलेलं, अशा वेळी लहान मॉडेलवर मागचे सूर मध्येच गळतात. आपण टोनला नावं ठेवतो. थर काढा, पेडल लवकर सोडा.

कीबोर्ड लॅपटॉपला जोडून त्यातल्या सॉफ्टवेअरचा पियानो वाजवायचा, हा मार्ग आवाजाच्या बाबतीत निर्विवाद सरस आहे. सॅलमँडर हा यामाहा सी५ ग्रँड पियानोच्या सॅम्पलचा संच फुकट मिळतो आणि त्यात दाबाच्या 16 पायऱ्या आहेत. पियानोटेक हे सॉफ्टवेअर सॅम्पल न वापरता तारांचं गणित मांडून आवाज तयार करतं, म्हणून पेडल दाबल्यावर इतर तारा गुणगुणतात तेही ऐकू येतं. पण जोडणी निगुतीने करावी लागते. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) हवा आणि बफर (आवाज साठवून पुढे धाडायचा तुकडा) 128 सॅम्पलच्या आसपास, नाहीतर बोट आणि आवाज यांची फारकत होते. ब्लूटूथ स्पीकर याच कारणासाठी बाद. कीबोर्ड कुठली पट्टी दाबली हे मिडी संदेशांतून वेगवेगळ्या चॅनेलवर कळवतो; सॉफ्टवेअरला फक्त उजव्या हाताचा चॅनेल ऐकायला सांगा; सगळे चॅनेल उघडे ठेवले तर स्टाइलचा ढोलकसुद्धा पियानोच्या पट्ट्यांवर बडवला जातो. एसएक्स मालिकेत लोकल कंट्रोल (पट्ट्यांनी कीबोर्डचाच आवाज वाजवायची सोय) पार्टनिहाय बंद करता येतो, म्हणजे कीबोर्डचा स्वतःचा पियानो गप्प आणि रिदम चालू. रेकॉर्डिंगला मी हेच सुचवेन. गणपतीच्या मांडवात मात्र नको: जनरेटरवरची वीज, धूळ आणि मध्येच अपडेट मागणारा लॅपटॉप, एवढा ताप कशाला?

घरात कुणी पियानो *शिकत* असेल तर वरचं सगळं गौण आहे. सॉफ्टवेअरने आवाज बदलतो, पट्ट्यांचं वजन बदलत नाही, आणि 61 पट्ट्यांच्या 88 होत नाहीत. ट्रिनिटी या लंडनच्या संस्थेच्या संगीत परीक्षांतही इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणि पियानो हे वेगवेगळे विषय आहेत. मूल कीबोर्डच्या ग्रेड देत असेल तर अरेंजर पुरेसा आहे, पियानोच्या देणार असेल तर वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. रोलँड एफपी-१० किंवा यामाहा पी-१४५ यांपासून सुरुवात करता येते. मला पट्ट्यांसाठी रोलँड जवळचा वाटतो. मात्र त्याला वेगळा लाइन आउट (मिक्सरला जोडायचा जॅक) नाही, स्टेजवर हेडफोनच्या जॅकमधूनच आवाज काढावा लागतो. आणि यांत स्टाइल्स नाहीत, तेव्हा जुना अरेंजर विकायची घाई करू नका.