टॅरॅनिसमध्ये टू-एस लिपो: वर्षभर वापरल्यावर

रिमोटवरची विमानं उडवायचा माझ्याकडचा ट्रान्समीटर, म्हणजे आमच्या भाषेत रेडिओ, टॅरॅनिस एक्स-९-डी प्लस, २०१९ च्या आधीचा. त्यातला सहा सेलचा निकेल मेटल हायड्राइड बॅटरी पॅक काढून टू-एस (एकामागोमाग जोडलेले दोन सेल), २५०० एमएएचची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, बसवली, त्याला आता वर्ष होत आलं. रेडिओची काहीच तक्रार नाही. माझ्या मागचं काम मात्र वाढलं, आणि ज्यांना हा बदल करायचाय त्यांनी ते आधीच समजून घेतलेलं बरं.

लिपोकडे वळलो ते जास्त तास उडवायला मिळावं म्हणून नाही. जुना पॅकही दिवसभर पुरायचा. त्रास वेगळाच होता. साधा निकेल मेटल हायड्राइड सेल नुसता पडून असला तरी उतरतो, पहिल्या महिन्यातच पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त चार्ज जातो. उन्हाळ्यात तर विचारूच नका. मी उडवतो फक्त रविवारी, तेही जमलं तर. म्हणजे दर शनिवारी रात्री रेडिओ चार्जिंगला लावायचा, विसरलं की सकाळी फील्डवर जाऊन दुसऱ्यांची विमानं बघायची. लिपो महिनाभर कपाटात राहिली तरी मीटरवर फारसा फरक दिसत नाही. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

व्होल्टेजचा हिशेबही सोयीचा आहे. सहा सेलचा जुना पॅक चार्जरवरून काढला की साडेआठ व्होल्टच्या आसपास असतो आणि भरलेली टू-एस लिपो ८.४ व्होल्ट. टॅरॅनिस ६ ते १५ व्होल्टवर चालतो, त्यामुळे थ्री-एससुद्धा खपते. पण गरज नसताना जास्तीचा व्होल्टेज देऊन मिळणार काय?

आता मुख्य धोक्याचं. या रेडिओला चार्जिंगचं भोक आहे आणि आतलं सर्किट निकेल मेटल हायड्राइडसाठी बनवलेलं आहे. लिपोला ठरावीक करंट, मग ४.२ व्होल्ट प्रति सेलवर थांबून उतरता करंट, असं चार्जिंग लागतं, शिवाय दोन्ही सेल सारखे भरताहेत की नाही हे बघावं लागतं. आतल्या सर्किटला यातलं काहीच जमत नाही. लिपो तशीच आत ठेवून जुना अडॅप्टर लावला तर पॅक फुगेल, पेटूही शकेल. मी त्या भोकावर सरळ चिकटपट्टी मारून टाकली आहे, कारण घरात कोण कधी मदत म्हणून अडॅप्टर खुपसेल सांगता येत नाही. चार्ज करायचं तर मागचं झाकण उघडायचं, पॅक बाहेर काढायचा, बॅलन्स लीड (प्रत्येक सेल वेगळा मोजणारी बारीक वायर) लावून विमानाच्या लिपो करतो त्याच चार्जरवर एक-सीने, म्हणजे या पॅकला अडीच अँपिअरने, भरायचा. तासा-सव्वातासात होतं. झाकण सारखं उघडून त्याच्या खाचा ढिल्या पडतात, हा बारीकसा वैताग आहे. आणि कनेक्टर बदलणार असाल तर प्लस-मायनस मल्टिमीटरने बघितल्याशिवाय लावू नका, वायरच्या रंगावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट अलार्मची. जुन्या पॅकसाठी ठेवलेला ६.५ व्होल्टचा अलार्म लिपोला उशिराचा आहे. लिपो बराच वेळ साडेसातच्या आसपास रेंगाळते, सातच्या खाली गेली की कोसळते. ६.५ म्हणजे सेलमागे ३.२५, तोवर आत जवळपास काही उरलेलंच नसतं. मी ७ वर ठेवला आहे: वाजला की विमान उतरवायचं, आणखी एक राउंड नाही. त्याआधी रेडिओ दाखवतो तो आकडा मल्टिमीटरशी ताडून घ्या, फरक निघाला तर सेटिंगमध्ये दुरुस्त करता येतो.

विमानातला ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, लिपो फार उतरली की मोटर बंद करतो. ट्रान्समीटर तसं करणार नाही, आणि उडवताना ते बरोबरच आहे. पण रेडिओ चालूच राहून गाडीच्या डिकीत गेला तर तो पॅक शून्यापर्यंत पिऊन टाकतो, आणि तो पॅक मग कामातून गेला. टॅरॅनिस काही वेळ हात लागला नाही की पिपाणी वाजवतो. कटकट वाटते म्हणून बरेच जण ती बंद करतात. लिपो असेल तर करू नका.

पावसाळ्यात आमचं उडवणं जवळपास बंदच असतं. तेव्हा पॅक पूर्ण भरून ठेवत नाही. चार्जरच्या स्टोरेज मोडवर सेलमागे ३.८ वर आणून, रेडिओतून काढून ठेवतो. जोडलेला राहिला तर थोडा थोडा करंट पीत राहण्याची शक्यता असते. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत रेडिओ ठेवणं मात्र लिपोनंतर पूर्ण सोडलं. बॅटरीच्या खणात जागा मोजकीच आहे, उष्णतेने पॅक जरा फुगला की झाकणच लागत नाही. म्हणून घेताना खणापेक्षा दोन-तीन मिलिमीटर बारीकच घ्या.

सी-रेटिंगच्या, म्हणजे पॅक किती करंट देऊ शकतो त्या आकड्याच्या, नादी लागू नका. रेडिओ पाव अँपिअरच्या आतबाहेर खातो, म्हणजे २५०० एमएएचच्या पॅकवर ०.१-सी. ४०-सी लिहिलेल्या पॅकला जास्त पैसे देऊन इथे काही उपयोग नाही, तो फक्त जाड आणि जड येतो.

आठ सेलवाले जुने रेडिओ असतील तर थ्री-एस लिपो घालण्याआधी थांबा. ती भरल्यावर १२.६ होते आणि ज्यांत व्होल्टेज उतरवणारा साधा रेग्युलेटर आहे ते तापतात. तिथे थ्री-एस लायफे (लिथियम आयर्न फॉस्फेट), ९.९ व्होल्टचा पॅक, मला जास्त पटतो. चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या फ्लायस्काय आय-६ सारख्या रेडिओत तर मी लिपो घालायला सांगणार नाही. त्याला एनेलूपसारखे पडून राहिले तरी कमी उतरणारे निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या आणि विषय संपवा.

माझा हा पॅक संपला की पुन्हा लिपो घेईन का? बहुतेक नाही. लिपोची खरी ताकद म्हणजे एकदम भरपूर करंट, आणि तो इथे लागतच नाही. दोन १८६५० मापाचे गोल लिथियम-आयन सेल, चांगल्या कंपनीचे, प्रोटेक्शन सर्किटसकट, तेवढ्याच वजनात जास्त एमएएच देतात, आणि वरचं पत्र्याचं आवरण लिपोच्या मऊ पाकिटापेक्षा दणकट असतं. रेडिओमास्टर कंपनीच्या बऱ्याच नव्या रेडिओंत असे सेल बसतात, टीएक्स-१६-एसमध्ये तर यूएसबी-सीनेच चार्ज होतं. टॅरॅनिसच्या खणात दोन १८६५० बसतात का, ते मात्र होल्डर घेण्याआधी पट्टीने मोजा.