तेझेचा मुक्काम: आठवडाभर देवाच्या घरी

फ्रान्सच्या बर्गंडी भागात, क्ल्युनीजवळच्या टेकडीवर तेझे हे छोटंसं खेडं आहे. १९४० मध्ये ब्रदर रॉजर इथे आले आणि पुढे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक या दोन्ही ख्रिस्ती पंथांच्या ब्रदरांचा, म्हणजे मठवासी साधूंचा, एकत्र राहणारा मठ उभा राहिला. तिथे पाहुणे म्हणून राहता येतं. मुक्काम रविवार ते रविवार आखलेला असतो, आणि तो तसाच पुरा करावा. दोन दिवसांत ‘बघून’ परतणाऱ्याला गाणी आवडतात, पण तो परकाच राहतो.

दिवसातून तीनदा प्रार्थनेची घंटा वाजते: सकाळी, दुपारच्या जेवणाआधी आणि रात्री साडेआठच्या सुमाराला. चर्च मोठं आहे, १९६२ चं. कडेला थोडी बाकं आहेत, बाकी सगळे जमिनीवर. मांडी घालायची सवय असलेल्या आपल्या लोकांचं इथे बरं जमतं. गुडघे दुखत असतील तर लवकर जाऊन बाक धरावं. गाण्याचा क्रमांक भिंतीवरच्या पाटीवर उमटतो. एकच ओळ दहा-पंधरा वेळा म्हणतात. पहिल्या काही फेऱ्या डोळे पानावरच असतात, मग ओळ तोंडात बसते आणि पुस्तक आपोआप मिटतं. भजनात वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

प्रार्थनेच्या मधली सात-दहा मिनिटांची शांतता हा या मुक्कामाचा गाभा, आणि बहुतेकांची अडचणही तिथेच होते. शांतता मिळाली की माणूस मागण्यांची यादी काढतो, नाहीतर घड्याळ बघतो. त्याऐवजी बायबलमधल्या नुकत्याच वाचलेल्या वचनातले दोन-तीन शब्द धरून बसावं. मन भरकटलं की पुन्हा त्या शब्दांवर यावं. पहिले दोन दिवस चुळबुळ होतेच. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (१४:२३) पिता आणि पुत्र, म्हणजे देव आणि येशू, येऊन माणसापाशी वस्ती करतात असं आहे. वस्तीला येणाऱ्याला जागा मोकळी करून द्यावी लागते, आणि इथे ते काम वेळापत्रकच करतं.

घरपण येतं ते भांडी घासताना. प्रत्येकाला काम मिळतं: वाढणं, भांडी, संडास-बाथरूमची सफाई. काम चुकवून फक्त प्रार्थनेला येणारे आठवडाअखेरीसही परकेच वाटतात. सकाळी ब्रदर बायबलचा उतारा उलगडून सांगतात, मग छोट्या गटात चर्चा होते. गट चांगला मिळणं मात्र नशिबावर. शुक्रवारी रात्री क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात आणि लोक एकेक करून त्यावर कपाळ टेकतात. रांग लांब असते, घाई करू नये.

जेवण साधं, आपल्या जिभेला सपक. लोणच्याची बाटली न्यावी. चहा वाडग्यात मिळतो. राहायला सामायिक खोल्या किंवा तंबू, तेव्हा स्लीपिंग बॅग, टॉर्च आणि रेनकोट हवेतच. पाऊस झाला की तंबूंच्या भागात चिखल होतो. उन्हाळ्यात हजारो तरुण येतात, एकांत हवा असेल तर जुलै-ऑगस्ट टाळावा. पूर्ण मौनात आठवडा काढायचीही सोय आहे, पण पहिल्याच भेटीत ती घेऊ नये.

शुल्क वय आणि देश पाहून ठरतं, आणि ते माफकच असतं. ब्रदर स्वतःसाठी देणग्या घेत नाहीत. मातीची भांडी आणि पुस्तकं यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. मुख्य कार्यक्रम तरुणांसाठी आहे, पस्तिशीपुढच्यांना जागा कमी. पॅरिसहून माकाँ-लोशेपर्यंत वेगवान रेल्वे, पुढे बस. शेंगेन व्हिसा लागतो, म्हणून नोंदणी काही महिने आधीच करावी.