स्टीलची टूरिंग सायकल, दसरा ते श्रावण: वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच वाचतात. वय साठीच्या आसपास असेल, घाट चढायची हौस असेल आणि सामान लादून चार-आठ दिवस भटकायचं मनात असेल, तर स्टीलच्या फ्रेमची, पुढे तीन चेनव्हील (पॅडलपाशी चेन बसते ती दातेरी चकती) असलेली टूरिंग सायकल घ्या. हलकी रोड बाइक नको, सस्पेन्शनवाली एमटीबीही (डोंगरवाटांची सायकल) नको. मी माझी गेल्या दसऱ्याला घेतली, आता श्रावण संपत आलाय. मधल्या काळात बोपदेव, सिंहगड, ताम्हिणी, कोकणचा सागरी रस्ता आणि ज्येष्ठात पंढरपूर एवढं तिच्यावर झालं. शाळेपासून सायकल चालवतोय, पण जन्मभर पुरतील अशा आठवणींचा मोठा वाटा या काही महिन्यांत जमा झाला. त्याचं श्रेय मी या सायकलच्या एकाच गोष्टीला देतो: तिचा सगळ्यात हलका गिअर.

ही कुठल्या एका कंपनीची तयार सायकल नाही. फ्रेम वेगळी घेतली, बाकीचे भाग एकेक करून निवडले आणि पुण्यातल्या एका मिस्त्रींकडून जुळवून घेतले. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलची फ्रेम, ३६ तारांची चाकं, ७०० बाय ३५ चे टायर, रिमला रबर दाबणारे साधे व्ही-ब्रेक, मागे कॅरिअर, चामड्याची सीट, पुढच्या चाकात डायनामो हब (चाकाच्या मध्यातच बसवलेला, दिव्यासाठी वीज बनवणारा डायनामो). पुढची चेनव्हील ४८, ३६ आणि २६ दात्यांची, मागे नऊ चकत्यांची कॅसेट, तिची सगळ्यात मोठी चकती ३४ दात्यांची.

पुढे २६, मागे ३४. या जोडीवर पॅडलची एक फेरी मारली की सायकल साधारण १.६५ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या, म्हणजे अगदी आरामात पाय फिरवले, तर ताशी सहा किलोमीटर. चालणाऱ्यापेक्षा जेमतेम पुढे. पण सीटवर बसून, श्वास न फुलता, दोन्ही बाजूंना बॅगा लटकवून. लहानपणी आमच्या घरी वडिलांची काळी सायकल होती, पुढे ४४ आणि मागे १८ दाते. तिची एक फेरी म्हणजे जवळजवळ साडेपाच मीटर. म्हणूनच चढ आला की उतरून हातात धरायची, याला कुणाचाही इलाज नव्हता.

दुकानात गेलात की विक्रेता सायकल एका बोटावर उचलून दाखवतो. त्या वजनाकडे फार बघू नका. माझं वजन, सायकल, पाणी, सामान असं सगळं मिळून शंभर किलोच्या आसपास जातं. सायकल दोन किलोंनी हलकी घेतली तर घाटातली मेहनत दोन टक्क्यांनी कमी होते. गिअर मात्र निम्म्यावर आला तर गुडघ्यावरचा जोरही निम्म्यावर येतो. १९२३ साली मुंबईहून निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण १९२८ मध्ये सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, ते त्या काळच्या जड सायकलींवर. त्यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून सायकलच्या वजनाची तक्रार माझ्या तोंडून निघत नाही.

वडिलांच्या सायकलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आम्ही खडकीत राहायचो. अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीचा भोंगा झाला की अख्खा रस्ता सायकलींनी भरून जायचा. घंट्या, कॅरिअरला अडकवलेले डबे, पँटचे पाय क्लिपने आवळलेले. त्या गर्दीत वडील कोणते हे मला लांबून ओळखू यायचं, कारण त्यांच्या मडगार्डचा एक विशिष्ट खडखडाट होता. मी त्याच सायकलवर दांडीखालून पाय घालून, कैची मारत शिकलो. सीटवर पाय पुरायला लागले तो दिवस, आणि ‘आता तू मागे बस’ म्हणायच्या ऐवजी वडील स्वतः डबलसीट मागे बसले तो दिवस, हे दोन्ही अजून लख्ख आठवतात. घरापासून होळकर पुलापर्यंत मी त्यांना नेलं. पूर्ण वाटभर ते एक शब्द बोलले नाहीत, फक्त चौकात हात बाहेर काढून वळायची खूण करत होते, माझ्या वतीने.

आता या सायकलकडे. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागिरी. आमच्या ग्रुपबरोबर बोपदेव घाटाने सासवडला गेलो. डायनामो हबची खरी परीक्षा त्या रात्री झाली. जुना बाटलीसारखा डायनामो टायरवर घासायचा, पॅडल जड व्हायचं. हब डायनामो ६ व्होल्ट, ३ वॉटचा. चालू आहे की बंद हे पायाला कळतही नाही. एक उणीव सांगायला हवी: चढावर वेग ताशी सात-आठच्या खाली गेला की दिवा फडफडतो. त्यामुळे घाटात हँडलला बॅटरीवरचा छोटा दिवा वेगळा लावावाच लागतो. सपाटीला आणि उताराला मात्र प्रकाश भक्कम आणि स्थिर. घाटमाथ्यावर सगळे थांबले, कुणीतरी थर्मासमधून मसाला दूध काढलं. त्या रात्री पहिल्यांदा असं झालं की घाट चढून आल्यावर मला बोलायला दम होता. एरवी माथ्यावर पोचलो की पहिली काही मिनिटं हँडलवर वाकून जायची. चांदण्यातलं पुणे एवढ्या निवांतपणे मी आधी पाहिलंच नव्हतं.

कोकणाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ज्यासाठी ही सायकल घेतली तो प्रवास हाच. माणगावहून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीबोट, पलीकडे वेसवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, पुन्हा फेरीबोट, धोपावे, गुहागर, तवसाळहून तिसरी फेरीबोट, जयगड आणि तिथून गणपतीपुळे. बायको बरोबर होती, तिच्या हायब्रिड (रोड बाइक आणि एमटीबीच्या मधल्या) सायकलवर. पौष महिना होता.

समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, असं बहुतेकांना वाटतं. तसं मुळीच नाही. किनाऱ्याला दर थोड्या अंतरावर खाडी कापत जाते. रस्ता खाडीपाशी पाण्याच्या पातळीला उतरतो आणि पलीकडून पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो. म्हणजे प्रत्येक जेट्टीनंतर चढ ठरलेला, तोही थंड पडलेल्या पायांनी, कारण बोटीत आपण नुकतेच उभे राहून गार झालेलो असतो. हे चढ फार लांब नाहीत, पण उभे आहेत. धोपाव्याला बोटीच्या फळीवरून उतरलो तेव्हा आमच्या मागच्या मोटारी भराभर निघून गेल्या, आणि रस्ता आमच्या दोघांसाठी रिकामा झाला. २६-३४ टाकला. वळणावर आंब्याची बाग होती, मोहोर पूर्ण फुललेला. त्या वासातून आम्ही जवळजवळ पायी चालायच्या वेगाने वर चढत होतो. मोटारीत बसलेल्याला तो वास खिडकीतून एक झुळूक म्हणून मिळत असेल. आम्हाला तो चढभर मिळाला. त्यात मधमाश्यांचा आवाज होता, जांभ्याचे चिरे काढणाऱ्या यंत्राचा लांबून येणारा आवाज होता, आणि बायकोच्या चेनचा बारीक कुरकुर आवाज, ज्यावर मी गुहागरला पोचल्यावर तेल घातलं.

पण त्या प्रवासातला सगळ्यात मोलाचा प्रसंग त्याआधीचा, आरावी ते शेखाडीच्या रस्त्यावरचा. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना हा रस्ता समुद्राच्या इतका जवळून जातो की उजव्या हाताला खडक आणि लाट, मध्ये दुसरं काही नाही. संध्याकाळ होत आली होती, श्रीवर्धनला खोली सांगून ठेवलेली, माझं लक्ष घड्याळाकडे. मागून हाक आली, “अहो, थांबा जरा. बसू इथंच.” सायकली स्टँडवर लावल्या आणि कट्ट्यावर बसलो. मुलं लहान असताना, नोकऱ्या, आजारपणं, यातून आम्ही दोघंच असे कुठे कधी बसलो होतो हे दोघांनाही आठवेना. ती म्हणाली, “गाडीनं आलो असतो तर इथं थांबलो नसतो.” सूर्य पाण्यात गेला तरी आम्ही तिथंच होतो. दुहेरी पायांचा भक्कम स्टँड हा भाग दुकानदार फुकटही देत नाहीत आणि रोड बाइकवाले तर लावतही नाहीत. मी मात्र सांगेन, सामानासकट सायकल कुठेही उभी करता आली पाहिजे. टेकायला झाड शोधत बसावं लागलं की माणूस थांबायचं टाळतो.

ज्येष्ठातलं पंढरपूर. दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण या पालखीच्याच वाटेने, पण पालखी निघायच्या आधी. रस्त्याकडेला मंडपाचे बांबू पडायला सुरुवात झाली होती. तरडगाव सोडल्यावर मागच्या चाकाची एक तार टणकन तुटली, डाव्या बाजूची. चाक डुलायला लागलं, व्ही-ब्रेकचा रबर रिमला घासायला लागला. ब्रेक थोडा सैल सोडून फलटण गाठलं. तिथं एका जुन्या सायकल दुकानात मिस्त्री होते, वय सत्तरीच्या पुढचं. जादा तारा मी फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवलेल्या असतात. डाव्या बाजूची तार कॅसेट न खोलता बदलता येते, त्यामुळे काम पाच मिनिटांचं होतं. त्यांनी मात्र चाक सोडलं नाही.

सायकल उलटी करून त्यांनी चाक फिरवलं, रिमजवळ खडू धरला. जिथं चाक आऊट म्हणजे वाकडं होतं तिथं खडूची रेघ उमटली. मग त्यांनी एकेक तार नखाने छेडायला सुरुवात केली. “ऐका,” म्हणाले. एक तार टिंग वाजायची, शेजारची ठक्क. ठक्क वाजेल ती ढिली. ढिली तार प्रत्येक फेरीत सुटते आणि ताणते, सुटते आणि ताणते, आणि शेवटी मानेपाशी तुटते. तुटण्याचं कारण जोर नसून ढिलेपणा, हे त्यांनी मला त्या आवाजावरून पटवलं. “आज एक गेली, पंढरपूरपर्यंत अजून दोन गेल्या असत्या,” म्हणाले आणि पूर्ण डावी बाजू सुरात आणली. मीटर नाही, स्टँड नाही. त्यानंतर आजपर्यंत एकही तार तुटलेली नाही. चाकं कुठूनही घ्या, पण पहिले काही शे किलोमीटर झाल्यावर जाणत्या हाताकडून तारा पुन्हा ताणून घ्या. हा या अख्ख्या लेखातला सगळ्यात कामाचा सल्ला समजा. डिस्क ब्रेक न घेण्याचं कारणही हेच: व्ही-ब्रेकचे रबर, केबल, तार हे सगळं तालुक्याच्या गावी मिळतं आणि दुरुस्त करणारा माणूसही मिळतो.

फलटणच्या पुढे नातेपुत्यापर्यंत बाभळीचे काटे. पंक्चररोधक पट्टा असलेले टायर इथे उपयोगी पडले. ट्यूबला प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असेल तर गावच्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. चिमुकला पितळी अ‍ॅडॉप्टर व्हॉल्व्हलाच लावून ठेवा.

पावसाळ्यातला अनुभव संमिश्र. मुळशीच्या पुढे ताम्हिणीत आडवारी गेलो, शनिवार-रविवारी तिकडे मोटारींची रांग असते. धुक्यात ब्रेक उशिरा लागतात. रिम ओली असते, पहिल्या दोन फेऱ्या पाणी पुसण्यात जातात. उतार सुरू व्हायच्या आधीच हलके दाबत राहायचं. घरी आल्यावर रिमवर काळा राडा साचतो, तो पुसला नाही तर रिम झिजते. तयार बसवून आलेल्या पॅडलचे छर्रे पहिल्याच पावसात गेले, ती बदलली. कॅरिअरचे स्क्रू ढिले व्हायचे, तिथे नायलॉनचे नट घातले. चामड्याची सीट अंगाला बसायला वेळ लागला, आता तिच्यासारखी सीट नाही. पण जुलैत तिच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरली. कोरड्या फडक्याने पुसून, खालून मेण चोळून, वर प्लॅस्टिकची टोपी घालून ठेवतोय. स्टीलच्या फ्रेमला आतून गंजरोधक तेल फवारून घेतलंय, पाऊस संपला की पुन्हा घेणार.

वेगासाठी घ्यायची असेल तर ही सायकल घेऊ नका. सपाट रस्त्यावर तरुण मुलं भर्रकन पुढे निघून जातात, वाऱ्याविरुद्ध तर ही जडच वाटते. सोसायटीच्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायची असेल तरी विचार करा. किंमत एका बऱ्या सेकंडहँड स्कूटरएवढी पडली, आणि भाग निवडून जुळवण्यात बराच वेळ गेला.

मागचा टायर अजून एक हंगाम जाईल असं वाटतं, तरी दिवाळीनंतर नवा टाकणार आहे. मग जयगडपासून खाली: रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि तेरेखोल ओलांडून गोवा. वर सांगितलेल्या फेरीबोटींच्या खाड्यांवर आता पूल येऊ घातलेत, बोटी आहेत तोवर ज्यांना जमेल त्यांनी हा रस्ता सायकलने करून घ्या. कुणी जाणार असेल आणि गिअरबद्दल किंवा सामानाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, जेवढं वापरून कळलंय तेवढं नक्की सांगेन.